बसऱ्याला गेलेला माणूस

दिवाळीत चार दिवस गावी जाऊन आलो. आमचं गाव मिरजगाव. नगरहून सोलापूरकडे निघालात की रस्त्यावरच लागतं, तालुका कर्जत. (रायगडातलं कर्जत नव्हे हो, दर वेळी सांगावं लागतं!) जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय, तेव्हा सांभाळून घ्या.

तर गावी गेलो की तात्यांकडे एक चक्कर असतेच. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत येऊन त्यांना आता चाळीस वर्षं होतील. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण 'मेजर' असतो, मग तो शिपाई म्हणून आलेला असो की सुभेदार म्हणून. तसे तात्याही मेजर. त्यांच्या पडवीत अजून ती काळी लोखंडी पेटी आहे, पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव आणि पलटण लिहिलेली. रंग दोन वेळा उडाला, दोन्ही वेळा तात्यांनी स्वतः बसून परत काढला.

या वेळी त्यांनी त्या पेटीतून एक वही काढली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. त्यात त्यांनी आपल्या भावकीतले आणि सोयऱ्यांतले फौजेत गेलेले सगळे लोक लिहून ठेवलेत. भरतीचं साल, पलटण, कुठे कुठे पोस्टिंग, पेन्शनीत कधी आला, वारला कधी. जे लढाईत गेले त्यांच्या नावापुढे लाल पेनाने फुली. मला म्हणाले, "तुला कॉम्प्युटर येतो ना, हे सगळं टायपून दे. वही वाळवी खाईल, मी बी जाईन. पोरांना कळाया पाहिजे."

मी पानं चाळली. यादी सुरू होत होती दुसऱ्या महायुद्धापासून.

मी सहज विचारलं, "तात्या, बसरेवाले कुठे आहेत यात?"

तात्या थांबले. चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "त्यांचं नाव काय लिहू?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की त्यांचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नाही.

*

बसरेवाले म्हणजे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात पलटणीतून 'बसऱ्याला' गेले आणि परत आले नाहीत, एवढी एकच ओळ आमच्या घरात शंभर वर्षं चालत आली. लहानपणी मला बसरा हा शब्द फक्त मोत्यांमुळे माहीत होता. आत्याच्या नथीत बसऱ्याचे मोती होते, लग्नकार्यात त्याचं कौतुक चालायचं. आजी एकदा ती नथ हातात घेऊन म्हणाली होती, "तिकडनं मोती आलं, आपलं माणूस न्हाई आलं." तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

आजी ही पणजोबांची सून. म्हणजे बसरेवाले तिचे चुलत सासरे. ते गेले तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता, पण त्यांची बायको, आमच्या घरातल्या 'धाकल्या आजी', तिने चांगल्या वीसेक वर्षं पाहिल्या. त्यांची सगळी हकीकत तिला त्यांच्याच तोंडून ठाऊक. आणि गंमत बघा, हकीकत सगळी ठाऊक, नाव तेवढं नाही! कारण धाकल्या आजी नवऱ्याचं नाव घेणार नाहीत, आजी सासऱ्याचं नाव घेणार नाही. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ज्या दोन बायकांनी त्यांना सगळ्यात जास्त आठवणीत ठेवलं, त्यांनाच त्यांचं नाव उच्चारायची बंदी. पुरुषमाणसं घेत असतील नाव, पण पणजोबा आणि आजोबा दोघेही आम्हाला समज यायच्या आत गेले. राहिला तो 'बसरेवाले' हा शब्द.

धाकल्या आजींची एक गोष्ट आजी नेहमी सांगायची. त्यांना नवऱ्यामागे सरकारकडून थोडी पेन्शन मिळायची. ती घ्यायला कर्जतला कचेरीत जावं लागे. जाताना त्या गावची शीव ओलांडली की कपाळ पुसायच्या, आणि येताना शिवेत पाऊल टाकलं की परत कुंकू लावायच्या. कोणी बोललं तर म्हणायच्या, "मढं बघितलं का कुणी?" खरंखोटं आजीला ठाऊक. पण मला ही गोष्ट खोटी वाटत नाही. पैसे सरकारचे होते, सरकारी हिशेबात तो माणूस मेला होता. घरच्या हिशेबात तो अजून यायचा होता.

*

बसऱ्याला जाणं म्हणजे नेमकं काय होतं, हे मी मोठेपणी पुस्तकांतून वाचलं. ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या शाळेच्या इतिहासात यावर चार ओळीसुद्धा नव्हत्या.

१९१४ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानातून गेलेली फौज इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाशी फाव इथे उतरली आणि त्याच महिन्यात तिने तुर्कांकडून बसरा घेतलं. त्या मुलुखाला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत, म्हणजे आजचा इराक. या फौजेचा मुख्य भाग होता सहावी डिव्हिजन, तिचं नावच 'पुणे डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. सेनापती होते जनरल टाउनशेंड. तैग्रिस नदीच्या काठाकाठाने फौज बगदादच्या दिशेने सरकत गेली, बगदादच्या अलीकडे टेसिफोनला अडली, आणि मागे हटत हटत कुत या गावात येऊन बसली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कुतला वेढा घातला.

हा वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेल्या फौजेने तीन-चार वेळा धडका मारल्या, त्यात वीस हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. आत धान्य संपत आलं. घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. आपल्याकडच्या बहुतेक शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही. देशातून धर्मगुरूंचे 'चालेल' असे निरोप मागवले तरी पुष्कळांचं मन होईना. गावी परत गेल्यावर जातीत घेतील का, ही भीती. अर्धपोटी राहून दात हलायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यातली बहुसंख्य आपली. टाउनशेंडसाहेबांना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर चांगल्या बडदास्तीत ठेवलं. शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. रस्त्यात आणि छावण्यांत हजारो मेले.

आमचे बसरेवाले यांतले कुठले, ते मला ठाऊक नाही. कुतमध्ये होते, की कुत सोडवायला गेलेल्यांत, की बसऱ्याच्या इस्पितळात तापाने गेले. घरात 'बसरा' एवढंच पोचलं, कारण जहाज तिथे लागायचं आणि पत्रावर तेच नाव असायचं.

सात डिसेंबरची मला मात्र उगाच हुरहूर लागते. आपल्याकडे १९४९ पासून सात डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. शाळेत गुरुजी छोटे कागदी झेंडे आणायचे, आम्ही पैसे देऊन खिशाला टाचणीने लावायचो. या तारखेचा आणि कुतच्या वेढ्याचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पण आमच्या घरापुरता तो आता लागला आहे.

*

नाव शोधायचा प्रयत्न मी अगदीच केला नाही असं नाही. तात्यांच्या त्या प्रश्नानंतर तर मी हट्टालाच पेटलो.

पहिली आशा सात-बाराची. पण जमीन एकत्र कुटुंबाची. जुन्या उताऱ्यावर पणजोबांचं नाव आणि त्यापुढे ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव लागलं की बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांत जमा!

दुसरी आशा कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींची. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सगळा महाराष्ट्र मोडी वाचणाऱ्यांच्या मागे लागला होता, तेव्हा माझ्या एका चुलतभावाने आमच्या घराण्याच्या काही पानांचे फोटो काढून ठेवले होते. एका जाणकारांकडून ती पानं वाचून घेतली. खापरपणजोबांच्या नावापुढे नोंदी आहेत. मुलगा. मुलगी. मुलगा. बस्स. बारसं व्हायच्या आधी कोतवाल नोंद करून गेलेला, मग नाव कुठून असणार? त्या दोन 'मुलगा'पैकी एक आमचे पणजोबा असावेत आणि दुसरे बसरेवाले.

तिसरी आशा म्हणजे युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची वेबसाईट. तिथे पहिल्या महायुद्धातल्या मृतांची यादी आहे. रात्री जागून मी ती चाळली आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. इंग्रजी वळणाने वेडीवाकडी झालेली आपली नावं. अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका अमुक, जिल्हा अहमदनगर. कुणी साताऱ्याचा, कुणी रत्नागिरीचा. आडनाव कधी आहे, कधी नाही. पण ज्याचं नावच माहीत नाही त्याला नावांच्या यादीत शोधणार कसा? जिल्ह्यातला प्रत्येक बेवारशी शिपाई मला आमचाच वाटायला लागला. दोन वाजता कॉम्प्युटर बंद केला.

आता यातली खरी खोच सांगतो. ही नावं वेबसाईटवर आहेत, त्याआधी आयोगाच्या वह्यांत होती, पण दगडावर नव्हती. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचं स्मारक बसऱ्यात आहे. (१९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते मूळ जागेवरून हलवून बसऱ्याबाहेर वाळवंटात नेलं.) त्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्याकडचे जे अधिकारी होते त्यांची कोरली. आणि साध्या भारतीय शिपायांची? पलटणीचं नाव आणि पुढे 'आणखी इतके शिपाई' असा आकडा. या आयोगानेच नेमलेल्या समितीने २०२१ साली अहवाल दिला आणि हा भेदभाव कबूल केला. आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण इतरांच्या बरोबरीने केलं नाही, आणि आणखी किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचं नावाने किंवा मुळीच स्मरण केलं नाही. आयोगाने माफी मागितली.

हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते पेटीकडे बघत म्हणाले, "नंबर असता तरी चाललं असतं रे. नंबर म्हंजी माणूसच. मला झोपंतून उठवून विचार, माझा नंबर सांगतो. पण 'आणखी इतके' म्हंजी काय? ती तर मोजणी झाली. शेरडं मोजावीत तशी."

दिल्लीचं इंडिया गेट याच युद्धातल्या मृतांसाठी उभं केलं, १९३१ साली. पण त्यावर जी तेरा हजारांवर नावं आहेत ती बहुतेक वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात गेलेल्यांची. बसऱ्याचे तिथे नावाने नाहीत. आणि २०१९ साली त्याच्या शेजारी जे राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तिथे स्वातंत्र्यानंतर गेलेल्या सव्वीस हजारांच्या आसपास जवानांची नावं कोरली आहेत. एक एक नाव, रँक आणि नंबरासकट. फार चांगलं काम झालं ते. पण बसरेवाले तिथेही बसत नाहीत. इंग्रजांच्या दगडावर जागा नाही, आपल्या दगडावरही नाही.

*

आम्ही हे बोलत बसलो होतो तेव्हा तात्यांचा नातू आला. कॉलेजात आहे, अग्निवीर भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला उठून हायवेच्या कडेने पळतो. तो थोडा वेळ ऐकत बसला आणि म्हणाला, "पण आजोबा, ते तर इंग्रजांसाठी लढले ना? मग वहीत कशाला पाहिजेत?"

प्रश्न चुकीचा नाही. मलाही तो कित्येक वर्षं पडला होता. पगार कुणाचा, झेंडा कुणाचा, लढाई कुणाची? बसऱ्याच्या तेलाशी आणि तुर्कांच्या सुलतानाशी मिरजगावच्या शेतकऱ्याचं काय देणंघेणं?

पण मग मी आमचा मुलूख डोळ्यांपुढे आणतो. कर्जत, जामखेड, आष्टी हा सगळा कमी पावसाचा पट्टा. १८९९-१९०० चा, 'छपन्नाचा' म्हणतात तो दुष्काळ बसरेवाल्यांच्या लहानपणी पडलेला असणार. अशा घरात दोन भाऊ आणि पाऊस बेभरवशाचा, तर एकाने पलटणीत जायचं हा काही राजनिष्ठेचा प्रश्न नव्हता. आणि त्या वेळी देशातल्या मोठमोठ्या पुढाऱ्यांनासुद्धा या भरतीत काही वावगं वाटलं नव्हतं. खुद्द गांधीजी १९१८ साली खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यात भरती व्हा म्हणून सांगत होते. इकडे महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद करून टाकली होती, ती परत सुरू व्हावी म्हणून लोक अर्ज करत होते. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ नंबरची महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. म्हणजे ज्यांना मरायलासुद्धा परवानगी मागावी लागली असे लोक आपल्याच गावांत होते. त्यांनी कुणासाठी लढावं हे आज आपण पंख्याखाली बसून ठरवायचं?

मी हे सगळं मनात जुळवत होतो, तोवर तात्यांनी एका वाक्यात विषय मिटवला. म्हणाले, "नामदेव जाधव कुणासाठी लढले?"

नातवाला ते नाव माहीत नव्हतं. मलाही फार उशिरा कळलं होतं, म्हणून इथे लिहून ठेवतो. नामदेव जाधव आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. १ल्या मराठा पलटणीत शिपाई. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला. कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले, बाकीची जवळजवळ सगळी तुकडी गारद झाली. नामदेव जाधवांनी दोघा जखमींना एकामागून एक उचलून, खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग परत गेले. एकटे. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्बनी एकामागून एक मशिनगनची ठाणी बंद पाडली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना हाताने 'या' म्हणून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परत आले आणि १९८४ साली वारले.

तात्या त्याच पलटणीचे. १ मराठा, 'जंगी पलटण'. १९७१ च्या डिसेंबरात ही पलटण बांगलादेशात जमालपूरला होती. तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण ये म्हणून चिठ्ठी पाठवली, तर त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही प्रसिद्ध गोष्ट आहे. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक वेढा फोडून निघायला बघत होते आणि मराठ्यांच्या मोर्चावर येऊन आदळले. तात्या त्या रात्रीबद्दल कधी बोलत नाहीत. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते उठून गोठ्यात गेले.

आणि ही १ मराठा म्हणजे कोण? पहिल्या महायुद्धात हिचाच नंबर होता १०३. म्हणजे कुतच्या वेढ्यात उपाशी बसलेली तीच पलटण, सेनियोच्या काठावर तीच, जमालपूरलाही तीच. मधे १९४७ साली झेंडा बदलला. पलटण तीच राहिली.

"पलटणीत गेला की माणूस शेजारच्यासाठी लढतो," तात्या नातवाला म्हणाले. "सरकार कुणाचं हाय ते नंतर बघायचं. तू जाशील तवा कळंल."

पोरगा गप्प बसला. पटलं की नाही ठाऊक नाही. त्या वयात मला तरी पटलं नसतं.

*

आता शेवटची गोष्ट. मेलेल्या शिपायाच्या घरी इंग्रज सरकार एक काशाची तबकडी पाठवायचं. साधारण पाच इंचांची, त्यावर एक बाई, एक सिंह, आणि चौकटीत मृताचं नाव उठावाने काढलेलं. रँक नाही, फक्त नाव. अशा तेरा लाखांहून अधिक तबकड्या त्यांनी काढल्या. आमच्या घरी होती ती. तात्यांनी लहानपणी पाहिली आहे, कणगीवर झाकण म्हणून असायची. "इंग्रजी अक्षरं व्हती. मला तवा वाचता येत नव्हतं. वाचता यायला लागलं तवा तिच्याकडं कोण बघतंय?"

७२ च्या दुष्काळात घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी मोडीत गेली, तिच्याबरोबर ती तबकडीही गेली. लोक खडी फोडायला जात होते, मिलो आणि सुकडी खात होते. आजोबांनी ती विकली यात मला काही चूक दिसत नाही. बसरेवाल्यांनी घराला शेवटची मदत केली म्हणायचं. पण नाव तिच्यावर होतं. एकाच जागी होतं, आणि ते किलोच्या भावात गेलं.

मी हळहळत बसलो होतो तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "अरे, पण त्यांचा टाक हाय ना देव्हाऱ्यात."

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी यांच्या टाकांबरोबर वीराचे दोन टाक आहेत, हे मला माहीत होतं. एक घोड्यावरचा, अगदी झिजलेला, कुठल्या काळातला कोण जाणे. दुसरा पायी उभा, हातात शस्त्र. मी त्यांना आजवर देवच समजत होतो. काकूंनी सांगितलं, तो पायी उभा आहे ते बसरेवाले. धाकल्या आजींनी म्हातारपणी पेन्शनीच्या पैशातून सोनाराकडून चांदीचा करून घेतला. तो करून घेतल्यावर मग कुंकू सोडलं. मग चारच महिन्यांत त्या गेल्या.

म्हणजे आमच्या घरात दर दसऱ्याला, दर सणाला त्यांना पाणी घातलं जात होतं, गंधफूल वाहिलं जात होतं, नैवेद्य दाखवला जात होता. पन्नास-साठ वर्षं. मीही लहानपणी त्यांना चिंचेने घासून लख्ख केलं असणार. फक्त कोण ते ठाऊक नव्हतं.

आपल्या मुलुखात हे नवीन नाही म्हणा. गावोगाव मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळाजवळ वीरगळ उभे असतात. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही कोरलेलं नाही. नाव केव्हाच गेलं, पण लोक शेंदूर लावतात, तेल घालतात. पितृपक्षात चतुर्दशी ही शस्त्राने गेलेल्यांची तिथी म्हणून वेगळी ठेवलेली आहे, आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. आपल्या जुन्या माणसांना कळलेलं होतं की लढाईला गेलेल्याची बातमी नेहमी नीट येत नाही.

पण यावर समाधान मानून गप्प बसावं असं मला वाटत नाही. टाक आहे म्हणून नाव नको असं थोडंच आहे? बसऱ्याच्या भिंतीवरचा आकडा आणि आमचा बिननावाचा टाक, यांत प्रेमाचा फरक आहे हे खरं. नाव मात्र दोन्हीकडे नाही. तिकडे त्यांनी लिहिलं नाही, इकडे आम्ही विचारलं नाही. आजी २००९ साली गेली. तोवर मी पस्तिशीच्या घरात होतो, शिकलेला होतो. 'आजी, तू नाव घेऊ नकोस, पण त्या नावाचं दुसरं कोण गावात आहे ते सांग,' एवढी युक्ती मला सुचली नाही. सुचली असती तर तिने हसून सांगितलं असतं.

निघायच्या दिवशी तात्यांनी वही दिली. पहिलं पान त्यांनी बदललं होतं. सगळ्यात वर एक नवी ओळ, त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात: 'पणजोबांचे धाकटे भाऊ. पहिले महायुद्ध. बसरा. परत आले नाहीत.' पुढे लाल फुली. आणि नावाच्या रकान्यात काही नाही. मोकळी जागा सोडलेली आहे, एक नाव मावेल एवढी.

आपल्या भावकीतले आणि सोयऱ्यांतले जे कोणी हे वाचत असतील त्यांना हात जोडून विनंती. तुमच्या घरात नव्वदीच्या पुढची एखादी म्हातारी असेल, तर तिच्याजवळ जरा बसा. मिरजगावचे बसरेवाले म्हणून विचारा. नाव सापडलं तर मला नको, तात्यांना फोन करा. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि लाल पेन त्यांनी खिशातच ठेवलेला असतो.